‘लिब्रेटो’ला आपला शब्द कोणता? (यादीतली ४२ ‘पाठ्यपुस्तके’)

पिंपळपान:
एका दिवाळी अंकासाठी अनुवाद करते आहे. मूळ लेख इंग्रजीत, लेखिका इस्रायलमधल्या हैफाची. तिचे आजीआजोबा व्हिएन्नाचे ज्यू. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि त्याच वर्षी हे दोघं देश सोडून निघाले. रोख रक्कम माणशी १० मार्क, बाकी सामानाची यादी करून ती मंजूर करून घ्यायची, असा तेव्हाचा नियम. ती टाइप केलेली यादी लेखाला जोडली आहे. उशा, तवे, इस्त्री, आणि मग एक ओळ: ‘टेक्स्टब्यूशर, ४२’. यादीचं इंग्रजी कुणी तिसऱ्यानेच केलंय, त्यात ‘टेक्स्टबुक्स’ आहे. मीही ‘पाठ्यपुस्तके’ लिहून पुढे गेले. दोन पानांनंतर आजी त्याच पुस्तकांतून नातीला संगीतकार मोझार्टचे ऑपेरा वाचून दाखवते, तिथे अडले. ही शाळेची पुस्तकं नव्हेतच, ऑपेराचे, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या पाश्चात्त्य नाटकांचे, लिब्रेटो आहेत!

संपादक म्हणतात ‘संहिता’ लिहा. मला तो शब्द फार कोरडा वाटतो. आचारसंहिता, दंडसंहिता... जिथे एकेक किलोचा विचार करून सामान बांधलं, तिथे या बाईने हे घेतलं. शब्दात थोडी ऊब नको का?

इसारकाठ:
पिंपळपान ताई, बरं झालं थांबलात. जर्मनमध्ये टेक्स्टबुख म्हणजे ऑपेराचे शब्द छापलेलं पुस्तक. शाळेच्या पुस्तकाला शूलबुख किंवा लेअरबुख म्हणतात. लाइपझिगच्या रेक्लाम प्रकाशनाने १८६७ पासून जी स्वस्त माला काढली, तिच्यात असे ऑपेरे ढिगाने होते. इथल्या जुन्या बाजारात मी एक घेतला आहे. पोस्टकार्डाएवढा आकार, टाचणीच्या तारा गंजून कागदावर दोन तपकिरी डाग उमटलेत, कडा बोट लावलं की झडतात. आणि समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा, जिथे गाणारीने कडवं गाळलं असणार तिथे. कोणीतरी हे हातात धरून ऐकत होतं.

तळेगावकर:
शब्द आहे की! पद्यावली. संगीत नाटकाच्या दारात विकायला असायच्या. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत ‘मानापमान’ची होती, त्यांना सगळी पदं पाठ असूनही ती ते मांडीवर उघडून बसत. ‘मानापमान’ १९११चं, आणि त्याच साली जानेवारीत ड्रेस्डेनला श्ट्राउसचा ‘रोझेनकाव्हलियर’ हा ऑपेरा आला, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. दोन्हीकडचे रसिक हातात एकच वस्तू धरून बसलेले.

शब्दवेडा:
तळेगावकर, वस्तू एक नाही. पद्यावलीत फक्त पदं असतात, मधलं गद्य नसतं. लिब्रेटोत आरंभापासून शेवटापर्यंतचा शब्दन् शब्द असतो. ऑपेराला ‘संगीतिका’ रूढ आहे, तेव्हा ‘संगीतिका-संहिता’ हाच नेमका शब्द. कोरडा वाटतो म्हणून नेमकेपणा सोडायचा का? ‘महापौर’सुद्धा एके काळी कोरडाच वाटला असेल. वापरला की रुळतो.

पिंपळपान:
पण आजी नातीला ‘चल, आपण संगीतिका-संहिता वाचू’ म्हणेल? माझं तोंडच वळत नाही.

रेवदंडेकर:
इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितोय. आमचं घर मूळ रेवदंड्याचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझ्या आजीने इकडे येताना कीर्तनाची पुस्तकं आणली होती, मुंबईत छापलेली. मोशेचं आख्यान, योसेफाचं आख्यान, सगळं मराठीत, साक्या, दिंड्या, आर्या घालून. बुवा उभे, मागे पेटी, आणि समोर बायका पुस्तक उघडून बरोबर म्हणत असायच्या. आम्ही त्याला नुसतं ‘कीर्तनाचं पुस्तक’ म्हणायचो. मग ‘ऑपेराचं पुस्तक’ का नको?

चाफेकळी:
किंवा पोथी! जपलेली, कापडात बांधलेली, ऐकता ऐकता वाचायची. ऊब हवी असेल तर याहून दुसरा शब्द नाही.

रेवदंडेकर:
चाफेकळी ताई, तुमचा भाव समजतो, पण पोथी नको. आमच्यात देवाचं नाव असलेलं पुस्तक जीर्ण झालं तरी टाकत नाहीत. आधी गेनिझात, म्हणजे अशा पुस्तकांसाठी राखलेल्या जागेत, ठेवतात, मग पुरतात. ऑपेराच्या पुस्तकाला तो मान नसतो. ती आजी ही पुस्तकं धर्म म्हणून नाही, आवड म्हणून घेऊन निघाली. पोथी म्हटलं की तिच्या आवडीवर पाणी पडतं.

इसारकाठ:
हे फार महत्त्वाचं बोललात. आणखी एक. मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराचे मूळ इटालियन शब्द कवी दा पोन्तेचे. तो जन्माने ज्यू, लहानपणी बाप्तिस्मा झालेला. जर्मन रंगभूमीवर या आजीच्या काळी जे भाषांतर रुळलं होतं ते हेर्मान लेवींचं, आणि लेवी एका रब्बीचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूचे, चिरंजीव. जर्मनीत बायरॉइटला १८८२ मध्ये वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात वाद्यवृंद याच लेवींनी चालवला. नाझींना मोझार्ट हवा होता पण लेवी नको होते, म्हणून त्यांनी नवी भाषांतरं करवून घेतली. भांडण सुरांवर नव्हतं, शब्दांवर होतं! म्हणून या वस्तूच्या नावात ‘शब्द’ दिसला पाहिजे असं मला वाटतं. जर्मन ‘टेक्स्टबुख’मध्ये तो आहे.

शब्दवेडा:
म्हणजे फिरून संहिताच.

तळेगावकर:
इटालियन ‘लिब्रेटो’ म्हणजे तर नुसतं ‘छोटं पुस्तक’, पुस्तिका. मुळात लॅटिन ‘लिबर’ म्हणजे झाडाची आतली साल. आपलं भूर्जपत्रही सालच. माझं मत, ‘भूर्जिका’ असा शब्द घडवायला हरकत नाही.

शब्दवेडा:
असा शब्द कोणाला कळणार? आणि ‘पुस्तिका’ घेतली तर मतदार पुस्तिका, माहिती पुस्तिका आठवते. शिवाय ‘पुस्तक’ हा शब्दच मूळ इराणी, ‘पोस्त’ म्हणजे कातडं, असं मानणारे अभ्यासक आहेत.

चाफेकळी:
मग शुद्धतेचा आग्रह कशासाठी? पुस्तक चालतं, पेटी चालते, तर लिब्रेटो का चालू नये?

रेवदंडेकर:
आमचे जुने लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. कोणाचं काही अडलं नाही. ज्याला जायचं तो पोचायचा.

तळेगावकर:
ताई, जाता जाता. शीर्षकात ‘निर्वासित’ घेणार की ‘शरणार्थी’? माझं बालपण उल्हासनगरजवळचं. शेजारच्या सिंधी काकांना कोणी निर्वासित म्हटलं की ते जेवणाच्या ताटावरून उठायचे.

शब्दवेडा:
निर्वासित म्हणजे घराबाहेर काढलेला. जे घडलं ते हा शब्द सांगतो. शरणार्थीत मागणं आहे, लाचारी आहे.

चाफेकळी:
शरण मागण्यात लाचारी कसली? फाळणीनंतर दिल्लीकडे काहींनी ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतलं, ते उगाच नाही. पण मग काढणाऱ्याचा गुन्हा शब्दातून निसटतो, तेही खरं.

तळेगावकर:
काकांना दोन्ही नको होते. ते म्हणायचे, ‘मी शिकारपूरचा.’

पिंपळपान:
मग मी ‘व्हिएन्नाचं कुटुंब’ एवढंच ठेवते, शीर्षकात तरी. लिब्रेटोचं अजून ठरत नाही. लेखात ‘ऑपेराची पुस्तकं’ लिहून पाहिलं, वाचायला बरं वाटतं. पण यादीत काय? तिथे ‘प्रती’ लिहू की ‘नग’?

इसारकाठ:
प्रती नको. प्रती एकाच पुस्तकाच्या असतात. ही ४२ वेगवेगळी असणार.

पिंपळपान:
आताच लेखिकेला विचारलं. वेगवेगळी आहेत, फक्त ‘फिगारो’ दोनदा आहे. एकावर आजीचं माहेरचं नाव, दुसऱ्यावर आजोबांचं. लग्नाआधीपासून दोघांकडे आपापला होता.