मदत हवी आहे: लॉ स्कूलची एक्स्टर्नशिप दुसऱ्या राज्यात करावी का? (ओहायो ते न्यूयॉर्क, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा)

सायली_ओहायो

नमस्कार मंडळी. मी ओहायोतल्या एका लॉ स्कूलमध्ये जेडीच्या (इथली कायद्याची पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या फॉल सेमिस्टरच्या एक्स्टर्नशिपसाठी (म्हणजे वर्गाबाहेर प्रत्यक्ष काम करून क्रेडिट मिळवणं) माझ्यापुढे दोन पर्याय आहेत आणि महिनाअखेरीला कॉलेजला कळवायचंय. इथे वकिली करणारं कुणी असेल तर प्लीज सांगा. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

पहिला पर्याय इथलाच. राज्य न्यायालयातल्या एका न्यायाधीशांच्या चेंबर्समध्ये आठवड्यातून दोन दिवस जायचं, त्याचे ३ क्रेडिट, बाकीचे दिवस नेहमीचे वर्ग. दुसरा न्यूयॉर्कचा. तिथली एक ना-नफा संस्था इमिग्रेशन कोर्टात असायलमच्या, म्हणजे मायदेशी छळाच्या भीतीने आश्रय मागणाऱ्यांच्या, केसेस लढवते. तिथे अख्खं सेमिस्टर पूर्ण वेळ, १२ क्रेडिट. मला बारची (वकिलीच्या परवान्याची) परीक्षा न्यूयॉर्कचीच द्यायची आहे आणि इमिग्रेशनमध्येच काम करायचंय, त्यामुळे मन तिकडे ओढ घेतंय.

अडतंय ते पैशावर. आमच्याकडे एका क्रेडिटला साडेबेचाळीस तास धरतात. म्हणजे १२ क्रेडिटचे ५१० तास झाले, चौदा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला छत्तीसच्या वर. पगार शून्य. फी मात्र पूर्ण सेमिस्टरची, आणि ती ओहायोतल्या कॉलेजलाच. वर न्यूयॉर्कचं भाडं. बाबांना फोनवर सगळं समजावलं तर शांतपणे म्हणाले, "म्हणजे आपण पैसे भरून फुकट काम करायचं, असंच ना?" मला काही उत्तर सुचेना.

शिवाय दोन शंका. पूर्ण वेळ सीपीटी (शिकत असतानाची कामाची परवानगी) घेतली तर ओपीटी (पदवीनंतरची कामाची परवानगी) जाते असं एका सीनियरने सांगितलं, खरं आहे का? आणि दुसऱ्या राज्यातल्या विद्यार्थिनीला तिथल्या कोर्टात तोंड तरी उघडू देतात का, की नुसत्या फायली लावायच्या?

कोर्टकचेरी

शेवटच्या शंकेपासून सुरू करते, कारण तुझा निर्णय तिथेच आहे. राज्यांच्या कोर्टांत विद्यार्थ्यांना उभं राहू द्यायचं की नाही, हे ज्या त्या राज्याचे नियम ठरवतात. कॅलिफोर्नियाचे वेगळे, टेक्ससचे वेगळे. पण इमिग्रेशन कोर्ट राज्याचं नाहीच, ते फेडरल न्याय खात्याखाली येतं. तिथल्या नियमांत कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी सरळ तरतूद आहे: लॉ स्कूलच्या क्लिनिकमधून किंवा ना-नफा संस्थेतून, वकिलाच्या थेट देखरेखीखाली, अशिलाकडून एक पैसा न घेता आणि न्यायाधीशांच्या परवानगीने तू उभी राहू शकतेस. कॉलेज ओहायोचं की अलास्काचं, याने फरक पडत नाही. ईओआयआर-२८ नावाचा फॉर्म भरून केसमध्ये नाव लागतं.

आता खरी मेख. या कोर्टांत केसेस वर्षानुवर्षं पडून असतात. तुझ्या चौदा आठवड्यांत मुख्य सुनावणी लागेलच असं नाही. मास्टर कॅलेंडर म्हणजे पाच-दहा मिनिटांची तारीख, तिथे उभं राहून तू शिकणार ते थोडंच. म्हणून होकार कळवायच्या आधी संस्थेला थेट विचार की सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये कुठल्या केसेसची इंडिव्हिज्युअल हिअरिंग, म्हणजे मुख्य सुनावणी, आहे आणि त्यातली एखादी मला मिळेल का. उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समज. सुनावणी पुढे ढकलली जाऊ शकते, ते कुणाच्याच हातात नाही, पण निदान तारीख असलेली केस तरी हातात हवी.

आणि सुनावणी नसली तरी शिकण्यासारखं खूप आहे, ते अशिलाच्या जबानीत, म्हणजे डिक्लरेशनमध्ये. एक उदाहरण देते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात नेपाळी अशील बरेच असतात. माणूस सांगतो, हल्ला अमुक साली अमुक महिन्यात झाला, आणि ते साल असतं विक्रम संवतातलं. सीमेवरच्या मुलाखतीत दुभाष्याने घाईत त्यातून ५७ वजा केले, तुम्ही ऑफिसात महिना बघून ५६ वजा केले, की एकाच घटनेची दोन सालं कागदावर येतात. २००५च्या रिअल आयडी कायद्यापासून न्यायाधीश कुठल्याही विसंगतीवर बोट ठेवून साक्ष अविश्वसनीय ठरवू शकतात, मग ती मुद्द्याच्या गाभ्याला लागून असो वा नसो. त्यामुळे कुणाला तरी अशिलासोबत दोन-तीन बैठका मारून प्रत्येक तारीख सणावाराशी, पावसाळ्याशी, मुलाच्या शाळेच्या वर्षाशी ताडून बघावी लागते. त्यात असायलमचा अर्ज अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवा, ती घाई वेगळीच. वकिलांना इतका वेळ नसतो, तो एक्स्टर्नकडे असतो. ज्या घरात चैत्र-वैशाख कानावर पडलेत त्या मुलीच्या हे चटकन लक्षात येईल. मात्र हिंदी येतं म्हणून तुला कायमची दुभाषी करून ठेवत नाहीत ना, हेही आधीच विचारून घे. ते होतं.

देशमुख_काका

माझं मत उलट आहे, रागावू नये. मी वकील नाही, पण मुलगी याच वाटेने गेली म्हणून सांगतो. न्यायाधीशांच्या चेंबर्समध्ये रोज दोन्ही बाजूंचे कागद वाचायला मिळतात. चांगला वकील काय लिहितो आणि वाईट वकील कुठे माती खातो, हे तिला तिथेच कळलं. तिचा मेमो साहेब स्वतः लाल करून परत द्यायचे. न्यायाधीशांचं शिफारसपत्र कुठल्याही राज्यात चालतं. दुसरं म्हणजे, १२ क्रेडिट बाहेर घातलेस तर एव्हिडन्ससारखे (पुराव्याचा कायदा) बारला लागणारे विषय कधी घेणार? बाबांचा प्रश्न मला तरी रास्त वाटतो.

कोर्टकचेरी

काका, एव्हिडन्सचा मुद्दा बरोबर आहे. सायली, तो विषय झाला नसेल तर या स्प्रिंगला उरकून टाक. चेंबर्सचंही मला पटतं, फक्त ज्याला अशिलांसमोर बसायचंय त्याने एखादा तरी अशील बघावा असं वाटतं. चेंबर्समध्ये अशील दिसत नाही.

न्यूयॉर्क बारसाठी ५० तासांचं प्रो बोनो, म्हणजे लोकहितासाठी बिनपगारी केलेलं, काम लागतं, पण केवळ त्यासाठी तिथे जायची गरज नाही. ते कुठल्याही राज्यात केलेलं चालतं, क्रेडिट मिळालं असलं तरी चालतं आणि न्यायाधीशांकडचं कामही धरतात. तेव्हा तुझे दोन्ही पर्याय त्यात बसतात. कुठेही गेलीस तरी शेवटच्या आठवड्यात सुपरवायझरची प्रतिज्ञापत्रावर सही घेऊनच नीघ. माणसं नोकऱ्या बदलतात, मग सहीसाठी मागे धावत बसावं लागतं.

न्यूयॉर्कच्या न्यायव्यवस्थेचा प्रो बोनो स्कॉलर्स नावाचा कार्यक्रमही बघ. त्यात शेवटच्या वर्षी फेब्रुवारीतच बार देतात आणि मग बारा आठवडे पूर्ण वेळ प्रो बोनो काम करतात. कॉलेजने त्यात भाग घ्यायला हवा, तेवढी चौकशी कर.

विमानतळ_वरून

व्हिसाचं सांगतो. सीनियरने अर्धंच सांगितलंय. पदवीच्या एकाच पातळीवर पूर्ण वेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली तर ओपीटी जाते. एका सेमिस्टरने काही होत नाही. आठवड्याला २० तासांपर्यंतची अर्धवेळ त्यात धरतच नाहीत. आधीच्या समरमध्ये पूर्ण वेळ सीपीटी घेतली असशील तर मात्र तीही त्यात मोजून बघ.

सीपीटी ठरावीक संस्थेसाठी आणि ठरावीक तारखांसाठीच मिळते. नव्या आय-२० वर (कॉलेज देतं तो व्हिसाचा कागद) ते छापून आल्याशिवाय पहिल्या दिवशी पाऊल टाकू नकोस. बिनपगारी आहे म्हणून गरज नाही असं कुणी म्हणालं तरी इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घे. पत्ता बदलला की १० दिवसांत त्यांना कळव. आणि कॉलेजचा हेल्थ इन्शुरन्स न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना चालतो का बघ. ओहायोपुरतं नेटवर्क असलं तर साध्या तापाचं बिलही घाम फोडतं.

सायली_ओहायो

सगळ्यांचे मनापासून आभार. एव्हिडन्स या सेमिस्टरला चालू आहे, त्यामुळे काकांची ती काळजी मिटली.

संस्थेला सुनावणीबद्दल मेल केला होता. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरचा फोन आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागलेल्या दोन केसेस आहेत, त्यातली एक मी त्यांच्यासोबत पहिल्या जबानीपासून करायची, आणि दुभाषी ते बाहेरून आणतात. दर आठवड्याला मसुद्यावर बसून चर्चा होते, असंही म्हणाल्या. त्या सलग बोलत होत्या त्यावरून खरं वाटलं.

बाबांना हेच सांगितलं. म्हणाले, "बरं, पण फी थोडी तरी कमी करतात का ते विचार." विचारलं. नाही करत. कॉलेजचं म्हणणं असं की प्राध्यापक दर आठवड्याला माझी जर्नल वाचून ऑनलाइन तास घेणार, ती त्याची फी. तासाला किती पडते ते मी मुद्दाम काढलेलं नाही.

आता शेवटचा प्रश्न. काम २६ फेडरल प्लाझाच्या, म्हणजे इमिग्रेशन कोर्टाच्या इमारतीच्या, आसपास असेल. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरून चालत जाणं रोज जमतं का, की क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स बरं? ऑगस्ट ते डिसेंबर एखादी खोली सबलेटने मिळत असेल तर व्यनि करा.

विमानतळ_वरून

जमतं. मी केलंय. पाथवरून उतरून पंधरा मिनिटं चालायचं. पण सकाळी कोर्टाच्या सिक्युरिटीच्या रांगेचा वेळ वेगळा धर. खोलीचं बघून व्यनि करतो.