'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा: एवढ्यावर भागतं का?

बोरूबहाद्दर:
अलंकार ओळखायला गाइडात याद्या असतात. सम, समान, सारखा, परी, प्रमाणे आलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे आलं की उत्प्रेक्षा. दहावीची मुलं हे घडाघडा म्हणून दाखवतात आणि खालच्या वाक्यांपाशी अडतात:

१. अंधार अंगाला काजळ फासत असल्यासारखा दाटला होता.
२. आज पाऊस येईलसं वाटतं.
३. त्यांच्या चरणकमलांची धूळ कपाळी लावली.
४. हे तळं नव्हे, आरसाच!

नुसती नावं नकोत, कारण हवं.

तळटीप:
यादी शेवटी बघायची. आधी उपमेय (ज्याचं वर्णन चाललंय ते) आणि उपमान (ज्याच्याशी जोडलंय ते) शोधायचं, मग दोघांमधलं अंतर किती उरलं ते पाहायचं. तळं आणि आरसा हीच जोडी सगळीकडे फिरवून बघा. 'तळं आरशासारखं नितळ' यात दोन्ही वेगळे राहतात आणि नितळपणापुरते जुळतात, म्हणून उपमा. 'तळं जणू आरसाच' म्हटलं की ते आरसा असल्याची कल्पना केली, ही उत्प्रेक्षा. 'तळ्याच्या आरशात डोंगर उमटला' इथे दोघांना एक धरूनच पुढे बोलणं चाललंय, म्हणजे रूपक. तुमच्या चौथ्या वाक्यात उपमेय चक्क नाकारलंय आणि त्याच्या जागी उपमान बसवलंय: अपन्हुती. 'आरशाहून नितळ तळं' म्हणजे उपमेय वरचढ, तो व्यतिरेक.

'च' वर मात्र विसंबू नका, तो उत्प्रेक्षेतही येतो. आणि 'नव्हे' दिसलं की अपन्हुती असंही नाही. 'हा पाऊस नव्हे, ढगफुटी आहे' यात उपमान कुठे आहे? ही नुसती दुरुस्ती झाली.

पहिलं वाक्य उत्प्रेक्षेचं, 'सारखा' असूनही. 'सारखा' कशाला लागलाय ते बघा. 'काजळासारखा अंधार' असतं तर नामाला नाम जोडलं गेलं असतं, काळेपणा हा समान धर्म सापडला असता आणि उपमा झाली असती. इथे तो 'फासत असणे' या क्रियेला लागलाय. अंधार काही फासत नसतो, ती क्रियाच कल्पलेली आहे. हा वाद जुना आहे. 'अंधार जणू अंगांना लेप देतो' अशा अर्थाच्या एका संस्कृत श्लोकात 'इव' (सारखा, जणू) आहे, म्हणून काहीजण तिथे उपमा मानत. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराने आपल्या 'काव्यादर्श' ग्रंथात ते खोडून काढलं: क्रियापद उपमान होऊ शकत नाही, आणि 'इव' हा शब्द उत्प्रेक्षाही दाखवतो.

दुसऱ्या वाक्यात अलंकारच नाही, साधा अंदाज आहे. तसंच 'गवा गाईसारखा दिसतो' ही माहिती झाली, उपमा अलंकार नव्हे. साम्यात काही चमत्कृती हवी. परीक्षेत मुलं नेमकी इथे फसतात, कारण यादीतला शब्द समोर दिसत असतो.

आर्यावृत्त:
तिसऱ्याबद्दल. 'चरणकमल' हा समास दोन्ही बाजूंनी सुटतो: कमळासारखे चरण (उपमा), किंवा चरण हेच कमळ (रूपक). अशा वेळी बाकीचं वाक्य कोणाला लागू पडतं ते बघतात. धूळ पायांची असते, म्हणजे जोर चरणांवर. ही उपमा, आणि साम्यवाचक शब्द गाळलेला म्हणून लुप्तोपमा. 'चरणकमल उमलले' म्हणालात तर उमलणं कमळाचं, ते रूपक. 'मुखचंद्र हसला' आणि 'मुखचंद्र उगवला' यांतही हाच फरक. शाळेत मात्र असे समास सरसकट रूपकात टाकतात. मार्क हवे असतील तर मुलांनी 'रूपक' लिहून पुढे 'चरण व कमळ एकरूप मानले आहेत' एवढं जोडावं, वाद घालत बसू नये.

बोरूबहाद्दर:
लख्ख झालं. अजून एक: 'पाऊस पत्र्यावर ताशा बडवत होता'. ना सारखा, ना जणू.

तळटीप:
निर्जीव पावसाला माणसाचं काम दिलंय, चेतनगुणोक्ती. तेच 'पावसाचा ताशा रात्रभर कडकडत होता' केलंत तर पावसाचा आवाज आणि ताशा एक झाले, रूपक.

आर्यावृत्त:
त्यात 'कडकड कडाडत' घातलंत तर अनुप्रासही (त्याच अक्षरांची पुनरावृत्ती) येईल. एका वाक्यात एकच अलंकार असतो असा नियम नाही. वेगवेगळे काढून दाखवता आले तर संसृष्टी, तीळ-तांदळासारखी. एकमेकांत मुरले असतील तर संकर, दूध-पाण्यासारखा. पेपरात बहुधा अधोरेखित केलेला भाग असतो, त्याचाच अलंकार लिहायचा.