कॉर्व्हेट झेड०६: पुशरॉड सोडून शेवरलेने नेमके काय मिळवले?

सरळवाट

शेवरले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या सध्याच्या सी८, म्हणजे आठव्या, पिढीतील झेड०६ या गाडीवर सगळीकडे स्तुतिसुमने उधळली जात आहेत आणि त्यातली बरीचशी रास्त आहेत. टर्बो किंवा सुपरचार्जरची मदत न घेणारे तिचे ५.५ लिटरचे व्ही८ इंजिन (‘व्ही’ आकारात मांडलेले आठ सिलिंडर) ८,४०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, ६७० अश्वशक्ती देते आणि ८,६०० आरपीएमपर्यंत फिरते. बाहेरून हवा न कोंबता एवढी शक्ती देणारे व्ही८ इंजिन त्याआधी कोणत्याही कारखान्याने विक्रीच्या गाडीत बसवले नव्हते. तरीही माझे मत असे आहे की, या इंजिनाच्या पायी कॉर्व्हेटने आपली सर्वांत हुशार गोष्ट बाजूला ठेवली.

ती गोष्ट म्हणजे पुशरॉड. १९५५ साली कॉर्व्हेटमध्ये पहिले व्ही८ आले तेव्हापासून या इंजिनाची मांडणी मूलतः एकच राहिली. ‘व्ही’च्या बेचक्यात एकच कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा), त्यावरून वर जाणाऱ्या सळ्या, म्हणजेच पुशरॉड, सळ्यांच्या टोकाला वॉल्व्ह दाबणारे रॉकर आणि प्रत्येक सिलिंडरला हवा आत-बाहेर सोडणारे दोनच वॉल्व्ह. लोक या मांडणीला बैलगाडीच्या काळातली म्हणून हसतात. परंतु डोक्यावर चार कॅमशाफ्ट नसल्यामुळे इंजिन बुटके आणि अरुंद होते, वजन खाली राहते आणि भागही कमी लागतात. इंजिनाचा बाह्य आकार लहान ठेवून आतले घनफळ वाढवायचे, हा अमेरिकी हिशेब होता. २००६च्या सी६ झेड०६मध्ये ७ लिटरचे इंजिन बसले, त्याने ५०५ अश्वशक्ती दिली आणि गाडी भरली सुमारे १,४२० किलो. त्याच काळातील फेरारी एफ४३० ही ४.३ लिटर आणि ४८३ अश्वशक्तीची होती. कॉर्व्हेटची किंमत तिच्या निम्म्याहूनही कमी होती.

पुशरॉड सोडण्याचा हा प्रयोग पूर्वीही होऊन गेला आहे. १९९०च्या झेडआर-१ या कॉर्व्हेटसाठी लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीच्या सहकार्याने चार कॅमशाफ्ट आणि ३२ वॉल्व्हचे इंजिन तयार केले गेले, ते ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनने जोडले आणि त्यापायी साध्या कॉर्व्हेटच्या किमतीत जवळजवळ तेवढीच भर पडली. १९९३मध्ये त्या ५.७ लिटर इंजिनाची शक्ती ४०५ अश्वशक्तीपर्यंत गेली. २००२च्या झेड०६ने नेमकी तेवढीच शक्ती ५.७ लिटरच्याच पुशरॉड इंजिनातून, कितीतरी स्वस्तात काढून दाखवली. या इतिहासानंतर पुन्हा त्याच वाटेने जायचे कारण मला कळलेले नाही.

वळणदार

आपण दिलेला इतिहास खरा आहे. फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. बुटक्या इंजिनाचा मोठा फायदा कशात होता? इंजिन चालकाच्या पुढे असताना बॉनेट खाली ठेवता येत होते, यात. सी८मध्ये इंजिन आसनांच्या मागे गेले. चालकाच्या नजरेसमोरून ते हटल्यावर चार बोटे उंची वाढली तरी समोरचा रस्ता झाकला जात नाही. ज्या अडचणीवर पुशरॉड हा उपाय होता ती अडचणच उरली नसेल, तर उपायाला कवटाळून बसण्यात हुशारी कोणती?

शिवाय इंजिन मागे नेण्याचे स्वप्न काही युरोपच्या नकलेतून आलेले नाही. कॉर्व्हेटचा शिल्पकार मानले गेलेले झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी १९६० सालीच चालकाच्या मागे इंजिन असलेली सर्व्ह-१ ही प्रायोगिक गाडी बनवली होती. त्यानंतर कित्येक नमुने झाले आणि व्यवस्थापनाने ते एकामागून एक गुंडाळून ठेवले. प्रत्यक्ष विक्रीची गाडी १८ जुलै २०१९ रोजी जगापुढे आली. आर्कस-डंटॉव्ह त्याच्या २३ वर्षे आधी, १९९६मध्येच गेले होते.

मधली एक पायरी आपण वगळलीत, ती मी आठवण म्हणून सांगतो. २०१५च्या सी७ झेड०६मध्ये पुशरॉड कायम ठेवून ६.२ लिटरवर सुपरचार्जर बसवला आणि ६५० अश्वशक्ती मिळवली. कागदावर सारे उत्तम होते. ट्रॅकवर मात्र उन्हाच्या दिवसांत काही फेऱ्यांनंतर तापमान वाढे आणि गाडी स्वतःच शक्ती आखडती घेई, अशा तक्रारी इतक्या आल्या की, २०१७च्या गाडीत बॉनेटवरचे झरोके मोठे करावे लागले. जी गाडी ट्रॅकसाठी म्हणून विकायची तिच्यात हवा दाबून गरम करायची आणि मग ती थंड करण्यासाठी धडपडायचे, यापेक्षा हवा मोकळेपणाने आत घेणारे इंजिन बनवणे मला अधिक सरळ वाटते. (आपल्या नावाला साजेसे, असे म्हणायला हरकत नाही.)

मोजपट्टी

दोन्ही बाजूंनी अश्वशक्तीच मोजली जात आहे, म्हणून एक वेगळा आकडा मांडतो. सी६च्या जुन्या ७ लिटर इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, १०१.६ मिलिमीटर आणि आरपीएमची मर्यादा ७,०००. नव्या ५.५ लिटरचा स्ट्रोक ८० मिलिमीटर आणि मर्यादा ८,६००. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, हे धरून सरासरी वेग काढला तर जुन्याचा सेकंदाला २३.७ मीटर येतो आणि नव्याचा २२.९ मीटर. म्हणजे ‘नवे इंजिन किंचाळते, जुने निवांत चालते’ हा कानांचा भ्रम आहे. मर्यादेपाशी जुन्याचाच पिस्टन अधिक धावतो. सिलिंडरचा व्यासही दोघांत जवळपास सारखा आहे, १०४.८ आणि १०४.२५ मिलिमीटर.

मग फरक कुठे पडला? जुन्यात लिटरमागे ७२ अश्वशक्ती आणि नव्यात १२२. पिस्टनकडचा खालचा भाग दोघांतही जवळपास सारखाच ताणलेला असताना एवढी तफावत येते, ती श्वास घेण्यातून. चार वॉल्व्हमुळे हवेला वाट मोठी मिळते आणि वॉल्व्ह हलवणारे भाग हलके असल्याने ते अधिक वेगाने उघडमीट करू शकतात. पुशरॉडमध्ये लिफ्टर (कॅमवर टेकून सळी उचलणारा भाग), सळी आणि रॉकर एवढा सारा लवाजमा प्रत्येक वेळी पुढे ढकलून स्प्रिंगने परत आणायचा असतो. वेग वाढला की स्प्रिंग अपुरी पडते आणि वॉल्व्ह कॅमचा आकार सोडून भरकटतो. ही पुशरॉडची खरी भिंत आहे.

सरळवाट

मोजपट्टी यांचा हिशेब मी कागदावर करून पाहिला, तो बरोबर आहे, आणि पिस्टनच्या वेगाची ही तुलना मला आधी सुचली नव्हती हे कबूल करतो. पण भिंतीबद्दल मी सहमत नाही. अमेरिकेतील नॅसकार शर्यतींची पुशरॉड इंजिने ९,००० आरपीएमच्या वर फिरवली गेली आहेत. भिंत असेलच, तर ती बरीच लांब आहे.

आणि रस्त्याचे काय? जुने ७ लिटर इंजिन ४,८०० आरपीएमला ६३७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. नवे देते ६२३, तेही ६,३०० आरपीएमला. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत जाणाऱ्या माणसाने ६,३०० कधी गाठायचे?

याहून गमतीची बाब कंपनीच्याच दालनात आहे. ई-रे या कॉर्व्हेटमध्ये मागे जुन्याच धाटणीचे ६.२ लिटरचे पुशरॉड इंजिन आणि पुढच्या चाकांना विजेची मोटर आहे. दोन्ही मिळून ६५५ अश्वशक्ती. ताशी ६० मैलांचा वेग ती २.५ सेकंदांत गाठते, तर झेड०६ला कंपनीच्याच सांगण्यानुसार २.६ सेकंद लागतात. थोडक्यात, सळ्या आणि रॉकरवाले इंजिन अजून हरलेले नाही.

तेलकट_हात

माझा धंदा इंजिने उघडण्याचा आहे, तरी हे इंजिन मी हाताळलेले नाही. हे आधीच सांगून टाकतो. नॅसकारचे उदाहरण येथे लावू नये, असे मला वाटते. ते इंजिन शर्यतीसाठी जोडतात आणि शर्यत झाली की खोलतात. विक्रीच्या गाडीला हमीचा कालावधी असतो, थंडीत सकाळी सुरू व्हायचे असते आणि मालक वर्षानुवर्षे तेल बदलण्यापलीकडे काही करणार नसतो.

आता क्रँकविषयी, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याविषयी, कारण या इंजिनाचा जीव तिथे आहे आणि वरच्या चर्चेत त्याचे नावही निघालेले नाही. अमेरिकी व्ही८चा क्रँक एका टोकाकडून पाहिला तर अधिकचिन्हासारखा दिसतो, कारण क्रँकपिना (पिस्टनचे रॉड जिथे बसतात त्या खुंट्या) एकमेकींशी ९० अंशांत असतात. त्याला जड प्रतिभार लावावे लागतात, पण इंजिन लोण्यासारखे चालते. नव्या झेड०६चा क्रँक सपाट आहे. पिना १८० अंशांवर, म्हणजे चार सिलिंडरची दोन इंजिने एकाच क्रँकला जुंपल्यासारखी. प्रतिभार हलके, त्यामुळे आरपीएम चटकन चढतात आणि चटकन उतरतात. डाव्या आणि उजव्या ओळीत आळीपाळीने ठिणगी पडते. अधिकचिन्हाच्या क्रँकमध्ये एकाच ओळीत लागोपाठ दोनदा पेट होतो आणि धुराचा एक लोट दुसऱ्याच्या वाटेत येतो. अमेरिकी व्ही८ची ती गुरगुर, जिच्यावर लोक जीव टाकतात, ती खरे तर या अडखळण्याचाच आवाज आहे.

सपाट क्रँकची किंमत मोजावी लागते ती थरथरीत. इंजिनाच्या वेगाच्या दुप्पट गतीने एक आडवा हिसका राहतो आणि तो हलत्या भागांच्या वजनाबरोबर, स्ट्रोकबरोबर आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून स्ट्रोक आखूड ठेवला, ८० मिलिमीटर, आणि पिस्टन क्रँकला जोडणारे कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे केले. याच मांडणीचा ७ लिटरचा अवतार कुणी मागितला, तर मी तरी त्याच्या शेजारी उभा राहणार नाही. वॉल्व्ह हलवायला, फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत. वॉल्व्ह आणि त्याला हलवणाऱ्या भागांमधली फट कारखान्यातच शिम (पातळ चकती) घालून कायमची बसवलेली असते. प्रत्येक इंजिन केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने जोडतो.

मिशिगनवासी

नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षे डेट्रॉइटच्या परिसरात आहे आणि सी६ व सी८ या दोन्ही झेड०६मध्ये शेजारच्या आसनावर बसण्याचा योग आला आहे. आकडे सोडून अनुभव सांगतो. जुन्या गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये पाय नुसता टेकवला तरी कुणी तरी पाठीला हात लावून ढकलल्यासारखे वाटायचे. नवी गाडी खाली शहाण्या मुलासारखी वागते, ५,००० नंतर तिचा सूर बदलतो आणि ८,०००च्या आसपास डोक्यामागे जे काही चालते त्याला मी आवाज म्हणणार नाही. मिशिगनच्या रस्त्यांवर ती मजा कायद्यात राहून घेता येत नाही. या बाबतीत सरळवाट यांच्याशी मी सहमत आहे.

मला खंत आहे ती गिअरची. आठ गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स माणसापेक्षा झपाट्याने गिअर बदलतो, हे मान्य. तरीही ८,६०० आरपीएमपर्यंत जाणारे इंजिन आणि हातात दांडा नाही, हे म्हणजे पुरणपोळी वाढून तूप फडताळात ठेवण्यासारखे आहे. सी७ झेड०६ला सात गिअरचा मॅन्युअल मिळत होता. सी८च्या एकाही प्रकारात तो नाही.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक टीप. शेवरलेने २०१७च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली आणि तळेगावचा तिचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. कॉर्व्हेट तर तेव्हाही येथे अधिकृतपणे मिळत नव्हती. सी८ ही कारखान्यातूनच उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह निघालेली पहिली कॉर्व्हेट. ती ब्रिटन, जपान आणि ऑस्ट्रेलियाला गेली, भारताच्या वाट्याला आली नाही.

वळणदार

सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्यांसाठी ४९० अश्वशक्तीची साधी कॉर्व्हेट आहेच, आणि तिच्यात पुशरॉडच आहे. सुरुवातीला तिची किंमत ६० हजार डॉलरच्या आत होती. म्हणजे शेवरलेने पुशरॉड टाकून दिलेला नाही, त्याला योग्य जागी ठेवले आहे. झेड०६ हा ट्रॅकवर जाणाऱ्यांचा प्रकार आहे आणि ट्रॅकवर ६,३०० आरपीएमखाली कुणी फिरकत नाही.

दुसरे म्हणजे, हे इंजिन एकटे जन्मलेले नाही. त्याचे जुळे भावंड त्याच्याबरोबरच आखले गेले आणि दोघांच्या प्रकल्पाचे नावही जेमिनी, म्हणजे मिथुन राशीवरून होते. ते भावंड म्हणजे २०२४मध्ये जाहीर झालेल्या झेडआर१चे दोन टर्बोवाले ५.५ लिटर इंजिन. त्याची शक्ती १,०६४ अश्वशक्ती. त्याच वर्षी जर्मनीतील पापेनबुर्गच्या चाचणीपथावर जनरल मोटर्सचे अध्यक्ष मार्क रॉइस यांनी स्वतः ही झेडआर१ ताशी २३३ मैलांपर्यंत नेली, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटर. जर्मनीतीलच नुर्बुर्गरिंग या शर्यतपथाच्या एका फेरीला २०२५मध्ये कंपनीच्याच अभियंत्यांनी चालवलेल्या झेड०६ने ७ मिनिटे ११.८ सेकंद आणि झेडआर१ने ६ मिनिटे ५०.७ सेकंद वेळ दिली. पुशरॉडच्या वाटेवरची सर्वांत शक्तिमान कॉर्व्हेट, २०१९ची झेडआर१, सुपरचार्जर लावूनही ७५५ अश्वशक्तीवर थांबली होती. सरळवाट यांनी १९९० आणि २००२ यांची तुलना केली, तशी येथे करता येईल का?

सरळवाट

नाही करता येणार, निदान आज तरी. १,०६४चे उत्तर पुशरॉडच्या बाजूने माझ्याकडे नाही, आणि तेलकट_हात यांनी क्रँकविषयी लिहिल्यानंतर ‘नक्कल’ हा शब्द जो माझ्या मनात होता तो मी मागे घेतो. स्ट्रोकपासून रॉडच्या धातूपर्यंत एका निर्णयातून दुसरा निघालेला दिसतो. उसनवारीत असे होत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अजून ठाम आहे. झेड०६ची किंमत एक लाख डॉलरच्या पुढे गेली आणि तेल-पाणी न भरता मोजलेले तिचे वजनही १,५५० किलोच्या वर आहे. सी६ झेड०६ सगळे भरून १,४२०. हे किमान १३० किलो केवळ इंजिनाचे नाहीत, ड्युअल-क्लच गिअरबॉक्स आणि रुंद शरीरही त्यात आले, हे ठाऊक आहे. पण ‘गाडी हलकी ठेवा, इंजिन आपोआप मोठे वाटेल’ असे म्हणणारी कॉर्व्हेट आता दालनात नाही, आणि कुणालाही तिची उणीव भासत नाही याचे मला आश्चर्य वाटते.

तेलकट_हात यांना एक विचारायचे आहे: कायमची बसवलेली ती फट दीड लाख किलोमीटरनंतरही तेवढीच राहील का?

तेलकट_हात

तेवढी कुणी चालवली तर ना. या गाड्यांचे मालक चाळीस हजारांतच विकून मोकळे होतात. दीड लाखाची एखादी माझ्याकडे आली, तर झाकण उघडून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालीन आणि येथेच आकडा लिहीन.