रिबन माईक आणि दोन्ही चॅनेलना मिळून एकच ४८ व्होल्टचं बटण : मदत हवी आहे

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. मिरजेत घरातल्याच एका खोलीत मी अभंग, नाट्यपदं असं रेकॉर्डिंग करते. गायिका स्वतः पेटी वाजवत गाते, सोबत तबला, मागे तानपुरा. कंडेन्सर माईकवर (हा वीज पुरवली तरच चालतो) पेटीचे वरचे सूर फार टोचतात आणि गाण्यातला प्रत्येक 'स' कानात घुसतो. ओळखीच्या एका काकांनी स्टुडिओ आवरताना त्यांचा जुना पॅसिव्ह (स्वतःला वीज न लागणारा) रिबन माईक मला दिला, ज्यात आवाज एक पातळ धातूची पट्टी, म्हणजे रिबन, पकडते. त्यावर पेटी ऐकली आणि आता दुसरं काही नकोच वाटतंय. इतकी गोड लागते.

अडचण अशी आहे की माझ्या इंटरफेसला (माईक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) दोनच इनपुट आहेत आणि फँटमचं (केबलमधूनच माईकला जाणाऱ्या ४८ व्होल्ट विजेचं) बटण दोघांना मिळून एकच. तबल्याच्या कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतातच. मग रिबनचं काय? फँटमने रिबन जळते असं सगळीकडे वाचते, म्हणून अजून दोन्ही माईक एकत्र लावलेलेच नाहीत. शिवाय गेन (आवाज वाढवायची ताकद) जेमतेम ५६ डीबी. हळू आलापाला नॉब शेवटपर्यंत फिरवला की सूं असा आवाज येतो, आणि माईक तोंडाजवळ नेला तर सगळं घुमायला लागतं. त्यात पावसाळा तोंडावर आलाय, माईक ठेवायचा कसा हेही सांगा. काकांची वस्तू आहे, माझ्या हातून काही व्हायला नको.

जुनी_केबल

ताई, लावायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

फँटमचं आधी. ४८ व्होल्ट एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या) २ आणि ३ नंबरच्या पिनांवर सारखेच येतात. माईकच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब असला की त्यातून करंट वाहत नाही आणि रिबनला काही होत नाही. म्हणजे केबल धड असेल तर नुसत्या फँटमने रिबन जात नाही. घात होतो तो तोल बिघडला की. केबलमध्ये एक तार तुटलेली किंवा शील्डला (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाला) चिकटलेली असली, फँटम चालू असताना केबल खुपसली किंवा उपसली, किंवा मध्ये जॅकवाला पॅचबे (केबलांच्या जोडण्या बदलायचं पॅनेल) असला, तर क्षणभर एकाच बाजूने करंट जातो आणि रिबनला झटका बसतो. ही पट्टी साधारण २ मायक्रॉन जाडीची असते. पोळ्या गुंडाळायची फॉइलसुद्धा तिच्यापेक्षा कितीतरी पट जाड. एकदा ताणली गेली की आपोआप परत जागेवर येत नाही.

तुमच्या दोन्ही अडचणींवर औषध एकच आहे, इनलाइन प्रीअँप, म्हणजे केबलच्या मध्येच लावायचा आवाज वाढवणारा छोटा डबा. क्लाउडलिफ्टर, फेटहेड वगैरे नावांनी मिळतात. माईक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा. तो फँटमवर स्वतः चालतो, माईककडे फँटम जाऊ देत नाही आणि वर २० ते २५ डीबी स्वच्छ गेन देतो. मग इंटरफेसचा नॉब निम्म्यावर राहतो आणि सूं बराच कमी होतो. घेताना मात्र नीट बघा. फँटम पुढे पाठवणारं मॉडेलही मिळतं, ते कंडेन्सरसाठी असतं, तुम्हाला ते नको. आणि तो आला तरी शिस्त तीच ठेवा: आधी सगळ्या केबल जोडा, मग फँटम चालू. काढताना आधी फँटम बंद, मिनिटभर थांबा, मग केबल. रिबनला लावायची केबल मल्टिमीटरने तपासून वेगळी ठेवा, तिला रंगीत टेप गुंडाळा. मल्टिमीटर फक्त केबलला बरं का, माईकच्या पिनांना कधीच नाही. त्याचा करंटही रिबनला ढकलतो.

बैठकवाला

वरचं सगळं बरोबर आहे. मी बसायच्या जागांबद्दल सांगतो, कारण रिबनची खरी मजा तिथेच आहे.

बहुतेक रिबन इंग्रजी आठच्या आकाराने ऐकतात. पुढून आणि मागून सारखंच, दोन्ही कडांनी जवळजवळ काहीच नाही, आणि वरून-खालूनही नाही. (बायर कंपनीचा एम १६० हा रिबन माईक याला अपवाद, तो मुख्यतः पुढूनच ऐकतो. तुमचा कोणता ते काकांना विचारून घ्या.) तेव्हा माईक उभा, गायिकेच्या तोंडाच्या उंचीवर, दीड-दोन फूट समोर आणि बरोबर पेटीच्या डोक्यावर येईल असा धरा. पेटी त्याच्या तळाखाली येते, म्हणजे न ऐकण्याच्या जागेत. गाणं पुढे येतं, पेटी मागे सरते. पेटी जास्त हवी असेल तर माईक चार बोटं गायिकेकडून लांब सरकवा, पेटी कडेतून थोडी बाहेर येईल.

तबलजींना गायिकेच्या शेजारी न बसवता थोडं पुढे, माईकच्या कडेच्या रेषेत बसवा. एवढ्यानेच गाण्याच्या ट्रॅकमधला तबला इतका उतरतो की नंतर मिक्स करताना हात मोकळे राहतात. दोघांची नजरानजरही होते, समेवर यायला ती लागतेच.

दीड फुटावर घुमणं पुष्कळ कमी होईल. जवळ गेलं की खर्ज फुगणं हा या माईकचा स्वभावच आहे. माईकच्या पाठीमागे कोरी भिंत असेल तर दोरीवर जाड गोधडी टाका, पाठही तेवढंच ऐकते. आवाज थोडा मंद वाटला तर वरच्या फ्रिक्वेन्सी इक्वलायझरने उचला, रिबन ते छान सोसते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पेटी माईकखाली ठेवायचं कधी डोक्यातच आलं नसतं. माईक ठेवण्याबद्दलही सांगाल का? आणि रिबन आधीच सैल झालीय का हे न उघडता कसं कळतं?

जुनी_केबल

उभा ठेवा. आडवा पडून राहिला तर रिबन स्वतःच्या वजनाने झुकते. हलवताना आधी वर कापडी पिशवी घाला, आणि खोलीतून झपाझप नेऊ नका. नुसत्या हवेनेही पट्टी ताणते. त्याच कारणाने डब्याचं झाकण हळू लावा, आणि कुणालाही फू करून किंवा टिचकी मारून माईक तपासू देऊ नका. नव्या गायकाला हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हात आपोआप जातो. गाताना मध्ये पॉप फिल्टर (तोंडातून येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी) हवाच.

पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, ओल धरल्या की बदला. डबा टेबलावर जिथे खिळे-स्क्रू, कानस, सोल्डरिंग चालतं तिथे उघडू नका. आतलं चुंबक जोरदार असतं. लोखंडाचा कीस जाळीतून ओढला जाऊन रिबनच्या फटीत बसतो आणि मग काढता काढता नाकीनऊ येतात.

सैल झालेली रिबन कानाला कळते. आवाज पूर्वीपेक्षा दबतो, खालचे सूर चिखलासारखे होतात, आणि पेटीचा मंद्र षड्ज धरला की बारीक फरफर येते. आज कोरी केबल लावून तो षड्ज तीन फुटांवरून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि फाइल जपून ठेवा. पुढे शंका आली की त्याच अंतरावरून तोच सूर घेऊन ताडून बघता येईल. फरफर असेल तर जाळी खोलू नका, रिबन बदलणाऱ्या माणसाकडेच द्या.