मारिओंच्या बाजारात थट्टा नेमकी कोणाची?
पणजीच्या बाजारातील व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या भित्तिचित्रातली माणसे बटबटीत डोळ्यांची आणि एकाच साच्याची असून त्यात कोळणींची टिंगल आहे, हे काहींचे मत मला अर्धेच पटते. साचा आहे, हे खरे. टिंगल मात्र दिसत नाही. मारिओंनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते; लहानपणापासून ते रोजनिशी लिहीत आणि त्यात गोव्यातल्या आपल्या लोटली गावातले शेजारीपाजारी, पाद्री, लग्नातले पाहुणे रेखाटत, त्यामुळे ती नाके आणि ती पोटे ओळखीच्या माणसांची आहेत. मुंबईच्या कुलाब्यातील कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरही मारिओंनीच काढलेली गर्दी आहे, आणि तिथे थट्टेचा विषय बिअर पिणारे आपल्यासारखे शहरी लोक आहेत.

मी एकदा पणजीच्या त्याच बाजारात बांगड्याचा भाव करत होतो, तेव्हा कोळणीने हातातला बांगडा परत टोपलीत टाकला, कमरेवर हात ठेवला आणि माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने पैसे काढले. ती नजर मारिओंनी जराही वाढवून काढलेली नाही. (बांगडे ताजे होते, हेही सांगायला हवे.)