कंबर दुखली की लगेच एमआरआय : गरज की घाई?

मेधा_के
कंबर धरून आठवडा होत नाही तोच एमआरआय, आणि अहवालात 'एल४-एल५ची गादी सरकली' (म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती) असं आलं की घरभर सुतकी चेहरे. हे थांबायला हवं. २०१५ साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज होती, ऐंशीच्या वयात ९६ टक्के. पन्नाशीत फुगलेली गादी ६० टक्क्यांना. मग अहवालातली झीज हेच तुमच्या दुखण्याचं कारण, असं कशावरून?
पायातली ताकद कमी होत नसेल, लघवी-संडासवरचा ताबा गेला नसेल, कॅन्सर, ताप, वजन घटणं, मोठी पडझड यातलं काही नसेल, तर पहिले सहा आठवडे स्कॅन नको. हिंडतं-फिरतं राहा, अंथरूण धरू नका.

सह्यवारा
मेधाताई, आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष आपल्याकडे धोक्याचा आहे. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. मणक्याच्या टीबीत ताप येतोच असं नाही, वजन घटतंच असंही नाही. कित्येकांची नुसती पाठ दुखते. एक्सरेवर दिसेपर्यंत हाड बरंच पोखरलेलं असतं, एमआरआयवर ते खूप आधी कळतं. वेळेत कळलं तर बहुतेक जण औषधांवर बरे होतात. उशीर झाला तर कुबड येतं, पाय लुळे पडतात. जिथे टीबी क्वचित दिसतो, तिथले नियम इथल्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नका.

मेधा_के
टीबीचं दुखणं एका दिवसात उद्भवत नाही. हळूहळू वाढतं, झोपल्यावरही थांबत नाही. ओझं उचलताना उसण भरली, ते वेगळं. सहा आठवडे ठेवलेत ते न थांबणारं दुखणं बाजूला काढता यावं म्हणूनच. शंका असेल तर ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या तालुक्यालाही होतात.

सह्यवारा
ईएसआर नॉर्मल असूनही टीबी निघतो. आणि ते सहा आठवडे मोजायचे कधीपासून? आपला माणूस आधी बाम लावतो, मग पट्टा बांधतो, मग हाडवैद्याकडे जातो. डॉक्टरसमोर येईस्तोवर महिने उलटलेले असतात. त्याला पुन्हा थांबा म्हणायचं?

फिजिओ_तुषार
थोडं पुढचं बोलतो, कारण खरी घाई स्कॅननंतर होते. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका (नस दबून कंबरेतून पायात उतरणारी कळ) असलेल्या २८३ रुग्णांची चाचणी झाली, २००७ साली प्रसिद्ध झाली. एका गटाचं लवकर ऑपरेशन; दुसऱ्याला आधी गोळ्या, व्यायाम, आणि लागलंच तर ऑपरेशन. वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनाच शेवटी ऑपरेशन लागलं. म्हणून घाबरून सही करू नका, एवढंच मी पेशंटना सांगतो.

बांधावरून
तुषारभाऊ, त्याच चाचणीतला दुसरा आकडाही सांगा ना. लवकर ऑपरेशन झालेल्यांना बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. वर्षानंतर सगळे सारखेच, हा दिलासा पगारी रजा असलेल्याला. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याने मुकादमाची उचल घेतलेली असते, हंगाम पाच-सहा महिन्यांचा. त्यातले हे आठ आठवडे कुठून आणायचे? आणि फार थांबण्याचंही नुकसान आहे. कॅनडातली २०२० सालची चाचणी पाहा : चार ते बारा महिने सायटिका सोसलेले १२८ रुग्ण. सहा महिन्यांनी पायाचं दुखणं ऑपरेशन गटात दहापैकी २.८, आधी ऑपरेशनशिवाय उपचार घेतलेल्या गटात ५.२. 'थांबा' हा सल्ला फुकटचा नाही, त्याची किंमत मजूर मोजतो.

फिजिओ_तुषार
ऑपरेशननंतरही तो लगेच मोळी उचलू शकत नाही, हेही त्याला आधी सांगावं लागेल. पण निवड त्याची, हे मान्य.

मेधा_के
बांधावरून, तुमच्याशी माझं भांडण नाही. फक्त या दोन्ही चाचण्या सायटिकाच्या आहेत : कळ पायात उतरते, आणि स्कॅनवर त्याच बाजूची नस दबलेली दिसते. नुसत्या कंबरदुखीला हे आकडे लागू होत नाहीत. तिथे केवळ अहवाल बघून कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

सह्यवारा
आणि ते दुसरे डॉक्टर टीबीचा विचार करतात का, तेही बघा.