हंपी-बदामीसाठी लेन्स: १०-१८ घेऊ की ५० एफ १.८?

उपमा_नको_पोहे

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून गाडीने विजापूर, बदामी, ऐहोळे-पट्टदकल आणि मग हंपी असा बेत ठरलाय. सोबत नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांची एक भिंगरी.

कॅमेरा कॅननचा २००डी. बरोबर आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ५५-२५०, दोन्ही लेन्स ठणठणीत (आकडे मिलिमीटरचे; लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे लांबचं जवळ). ओळखीतले एक गृहस्थ १०-१८ एसटीएम विकताहेत, ९ हजार म्हणतात. ५० एफ १.८ साधारण तेवढ्यातच बसेल. दोन्हींपैकी एकच घेता येईल. नवऱ्याचं म्हणणं, दोन्ही नको, त्या पैशात हंपीजवळ एक रात्र चांगल्या हॉटेलात राहू.

मला देवळं, खांब, मूर्ती, छतावरची कोरीवकामं यांचे फोटो काढायचेत. माणसं म्हणजे घरचीच. काय घेऊ?

सिंहगडरोडवासी

काहीही नको. हल्ली मोबाईल बघा काय फोटो काढतो. ०.५ वर टाकलं की अख्खं देऊळ येतं. नवऱ्याचं ऐका, हॉटेल घ्या. :)

शटरपंत

५० एफ १.८, डोळे झाकून. लेण्यात अंधार असतो, तिथे एफ ४.५ ची १०-१८ काय कामाची? (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी.) शिवाय मुलीचे फोटो असे येतील की सासूबाई फ्रेम करून भिंतीवर लावतील. वजन १६० ग्रॅम. प्रत्येकाकडे असावीच अशी लेन्स आहे.

कातळवेडा

पोहेताई, मी सांगलीचा. बदामी आम्हाला साधारण पुण्याइतकीच लांब, त्यामुळे वरचेवर जाणं होतं. शटरपंतांची ५० मलाही आवडते, माझ्याकडे आहे. पण या सहलीसाठी मी ती सुचवणार नाही.

लेन्स निवडताना आपण काय दिसणार याचा विचार करतो. मी आधी विचारतो, मागे सरकायला जागा कुठे नाही? जिथे जागा आहे तिथे पाय हाच झूम. हंपीत जागाच जागा आहे. विरूपाक्षाचं गोपुर सुमारे ५० मीटर उंच, पण समोर बाजाराचा रस्ता जवळजवळ पाऊण किलोमीटर सरळ गेलाय. हवं तितकं मागे जा, १८-५५ मध्ये आरामात मावतं. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ, तोच ५० च्या नोटेवरचा, मोकळ्या अंगणात उभा आहे. कमलमहाल, हत्तीशाळा, पुष्करणी, सगळीकडे तीच गोष्ट. नुसतं हंपीला जाणार असता तर मी नवऱ्याच्या पक्षात गेलो असतो.

अडतं ते बदामीला. तेही सगळीकडे नाही. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज बाहेरच्या कातळावर आहे, समोर जागा आहे, १८-५५ पुरे. तिसऱ्या लेण्यातला शेषावर बसलेला विष्णू ओसरीच्या टोकाला आहे, ओसरीच्या लांबीचा फायदा घेऊन दुरून घेता येतो. पण ओसरीत उभं राहून खांबांची अख्खी रांग, वरचं छत आणि आतला मंडप एका चौकटीत हवा असेल, तर पाठ भिंतीला टेकते तरी काहीतरी कापलं जातंच. गणित करून बघा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद. विषयापासून तीन मीटरवर उभ्या राहिलात तर १८ वर साधारण ३.७ मीटर रुंदी मावते. १० वर तेवढ्याच अंतरात ६.७ मीटर. ५० वर जेमतेम १.३ मीटर, म्हणजे एक खांब आणि शेजारच्याची कड.

आता अंधाराचं. शटरपंत, दगड हलत नाही. १०-१८ ला स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे, ५० ला नाही. १० मिलिमीटरवर श्वास रोखून १/८ सेकंदालाही हातातून स्वच्छ फोटो निघतो. आणि ५० एफ १.८ पूर्ण उघडून दोन मीटरवरची मूर्ती टिपली, तर स्पष्ट भागाची खोली सगळी मिळून ११ सेंटिमीटरच्या आसपास. बदामीतल्या मूर्ती भिंतीतून चांगल्या बाहेर आलेल्या आहेत. नाक लख्ख आणि मागचे हात पिठूळ, असला फोटो मुलीचा गोड दिसतो, त्रिविक्रमाचा नाही. मग लेन्सचं भोक लहान करून एफ ५.६ वर यावंच लागतं, आणि तिथे १.८ चे पैसे गेले पाण्यात.

सिंहगडरोडवासींचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. मोबाईलचं ०.५ बऱ्याचदा तुमच्या १०-१८ पेक्षाही रुंद असतं. घरीच एक प्रयोग करा. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आधी १८-५५ ने आणि मग मोबाईलच्या ०.५ ने फोटो काढा. दुसरा बघून ‘अरे वा’ झालं, तर तुम्हाला रुंद लेन्स आवडणार. नुसतं ‘बरं’ वाटलं तर पैसे वाचले. फक्त दिवे घालवून पुन्हा एक काढा. मोबाईलच्या त्या लेन्समागचा सेन्सर बारीक असतो, अंधारात कोरीवकामाचा पार गाळ होतो. लेण्यात नेमकं तेच होतं.

वेळेचंही सांगतो, ते लेन्सपेक्षा महत्त्वाचं आहे. बदामीची लेणी दक्षिणेकडच्या डोंगरात, तोंड उत्तरेला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकलेला, त्यामुळे ऊन आत येत नाही, दिवसभर मऊ उजेड. लोक सकाळचा सोनेरी उजेड धरून लेण्यांकडे पळतात आणि दुपारी तळपत्या उन्हात पट्टदकल करतात. उलटं करा. सकाळी पट्टदकल, भर दुपारी लेणी, आणि संध्याकाळी तलावाकाठचं भूतनाथाचं देऊळ. त्याचं तोंड पश्चिमेला, मावळतीला दगड तांबूस पेटतो, खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडलेलं दिसतं.

तिसरं लेणं ताईंनी नीट वेळ काढून बघावं. इसवी सन ५७८ चा शिलालेख तिथे आहे, चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा. आणि खांबांच्या माथ्याशी जी जोडपी कोरली आहेत त्यांच्यासाठी ५५-२५० काढा. जवळून रुंद लेन्स वर तिरकी करून घेतली तर डोकी लहान आणि पाय मोठे येतात. चार पावलं मागे जाऊन १०० च्या आसपास घेतलं तर चेहऱ्यावरचं हसूसुद्धा मिळतं. लोक ही लेन्स ‘पक्षी नाहीत’ म्हणून घरी ठेवून येतात, हे मला कधी कळलेलं नाही.

उपमा_नको_पोहे

बाप रे, केवढं सविस्तर! स्वयंपाकघराचा प्रयोग आत्ताच केला. ०.५ वर ओट्यापासून फ्रिजपर्यंत सगळं आलं, सासूबाईंसकट. फक्त त्या कडेला उभ्या होत्या आणि फोटोत फुगलेला आपला दंड बघून त्यांनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. दिवे घालवल्यावर तुम्ही म्हणता तो गाळही दिसला.

आता शंका. जुनी लेन्स घेताना काय बघू? गृहस्थ कोकणात राहतात. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) आणि ट्रायपॉड घेऊ का?

शटरपंत

कातळवेडा, खोलीचा मुद्दा मान्य. पण सासूबाईंचा दंड हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे हे नोंदवून ठेवतो.

कातळवेडा

नोंदवलं. रुंद लेन्समध्ये माणूस कडेला उभा करायचाच नाही, मधोमध आणि जरा लांब. घरच्यांचे फोटो १८-५५ च्या ५५ कडच्या टोकाने काढा, सासूबाई खूश राहतील.

कोकण म्हटल्यावर बुरशी आधी बघा. दोन्ही झाकणं काढायची, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर नमस्कार करून परत यायचं, किंमत कितीही उतरवली तरी. धुळीचे दोन-चार कण असतील तर काळजी नको. मग मागची काच. पुढच्या काचेवरचा ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसतो. लेन्सवर पांढरा चौकोन असेल, तो कॅमेऱ्यावरच्या पांढऱ्या चौकोनाशी जुळतो. लावून लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघत) जवळ-लांब फोकस करून बघा. शेवटी एक कोरी भिंत टिपून चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

पोलरायझर नको. १०-१८ ला ६७ मिलिमीटरचा लागतो, तुमच्या बाकीच्या दोन्हींना तो बसणार नाही. आणि इतक्या रुंद चौकटीत आकाश एकसारखं गडद होत नाही, मधेच निळा पट्टा उमटतो. ट्रायपॉडही नको. पुरातत्त्व खात्याच्या जागी त्याला वेगळी परवानगी लागते, आणि आठ वर्षांच्या मुलीबरोबर तो उघडून बसायला तुम्हाला वेळ कोण देणार?

बदामीत माकडं आहेत, भरपूर आहेत आणि त्यांना लाज नाही. कॅमेऱ्याच्या बॅगेत बिस्किटाचा पुडा ठेवलात तर बॅग त्यांची. लेन्स बदलायची ती गाडीत बसून, काचा वर करून. हंपीची धूळ तर विचारू नका.

मातंग टेकडीचा चढ सासूबाईंना झेपायचा नाही. हेमकूट चढायला सोपी आहे आणि विरूपाक्षाला लागूनच, सूर्यास्त तिथूनही छान दिसतो. मातंगला तुम्ही दोघांपैकी एकानेच पहाटे जा, आणि ५५-२५० घेऊन जा. खाली अच्युतरायाचं देऊळ नकाशासारखं पसरलेलं दिसतं. आणि मुलीला विरूपाक्षाच्या मागच्या बाजूची ती अंधारी खोली नक्की दाखवा. भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून बाहेरच्या गोपुराची उलटी सावली आतल्या भिंतीवर पडते. तिथे एकही लेन्स नाही!

सिंहगडरोडवासी

म्हणजे शेवटी लेन्स नकोच, हे माझंच म्हणणं होतं ना?

उपमा_नको_पोहे

:D रविवारी चिपळूणला लेन्स बघायला जातेय, टॉर्च घेऊन. नवऱ्याला सांगितलंय की बुरशी निघाली तर हॉटेल. तो तेव्हापासून हवामान खात्याकडे कोकणात यंदा पाऊस किती झाला हे शोधत बसलाय.

विजापूरला गोलघुमटाच्या आत ही लेन्स चालेल ना? की तिथे आणखी काही युक्ती?

कातळवेडा

चालेल कसली, तिच्यासाठीच बांधलाय म्हणा. घुमटाचा आतला व्यास ३८ मीटरच्या आसपास आहे आणि मधे एकही खांब नाही. मध्याच्या शक्य तितकं जवळ कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवायचा, १० वर, दोन सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हायचं. एफ ८, आयएसओ ४००, शटर कॅमेऱ्याला ठरवू द्या. कॅमेरा जमिनीवर आहे म्हटल्यावर स्टॅबिलायझर बंद करा. सकाळी दार उघडताच जा, कारण नऊ-दहा वाजता शाळांच्या सहली येतात आणि वरच्या सज्जात आवाज घुमवायची शर्यत लागते. तुमच्या भिंगरीला मात्र तीच वेळ जास्त आवडेल.